जुन्या गाडीत इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकायचं की पॉइंटच बरे?

मे महिना, दुपारचे दोन, कसारा घाट. आमची १९७४ ची मार्क टू अँबॅसिडर कल्याणहून नाशिकला येत होती, मागच्या सीटवर आई आणि मावशी, आणि घाटाच्या निम्म्यात गाडी दोनतीनदा मिसिंग करून बंद पडली. एक ट्रकवाले दादा थांबले, बॉनेट उघडायला लावलं आणि बघताक्षणी म्हणाले, "पेट्रोलचा पंप तापलाय, ओलं फडकं टाका त्याच्यावर." टाकलं. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली, सगळे खूश, आणि इगतपुरी यायच्या आत परत बंद. परत थांबलो, परत वीस मिनिटांनी चालू, असं करत करत घोटीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी कळलं की पंपाचा काही संबंधच नव्हता, गेला होता तो कंडेन्सर, बोटाच्या पेराएवढा एक डबा, गार असला की चालायचा आणि तापला की मान टाकायचा.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो, कारण जुनी फियाट, अँबॅसिडर, जीप असणारा प्रत्येक माणूस कधी ना कधी हेच विचारतो की पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारा छोटा स्विच, काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं तर गाडी भरवशाची होईल का. एका शब्दात उत्तर देता येत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी गाडीला करंट मिळतो कसा ते बघू. बॅटरी १२ व्होल्टची, आणि प्लगच्या दोन टोकांमधून ठिणगी उडवायला लागतात हजारो व्होल्ट, १५-२० हजार तरी धरा. हे काम कॉइल करते. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेची दोन गुंडाळणी असतात, एक जाड तारेचं थोड्या वेढ्यांचं आणि दुसरं अगदी बारीक तारेचं, त्याला पहिल्याच्या साठ ते शंभर पट वेढे. जाड गुंडाळणीतून करंट वाहतो तेव्हा आत चुंबकत्व साठतं, आणि तो करंट एकदम तोडला की ते चुंबकत्व कोसळतं आणि बारीक गुंडाळणीत जोरदार व्होल्टेज उठतं. नळ धाडकन बंद केला की पाइप ठक्कन वाजतो ना, वाहतं पाणी अचानक अडवलं म्हणून तो धक्का बसतो, तसंच हे आहे. धक्का पाहिजे असेल तर नळ पटकन बंद झाला पाहिजे, हळूहळू बंद केला तर काहीच वाजणार नाही.

हा नळ म्हणजे आपले सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट. एकेका प्लगला करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे मिस्त्री लोक ज्याला डेल्को म्हणतात त्याच्यात, मध्ये एक शाफ्ट फिरतो, त्याला चार उंचवटे, आणि प्रत्येक उंचवटा आला की तो पॉइंट उघडतो, करंट तुटतो, ठिणगी पडते. (डेल्को हा शब्द कुठून आला ते मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली, तिच्या नावाची अद्याक्षरं म्हणजे डेल्को, आणि ही बॅटरी-कॉइल-पॉइंटची पद्धत मोटारीत रुजवली ती त्यांनीच. शंभर वर्षांनी आपल्याकडचा गॅरेजवाला पोऱ्या ब्रिटिश ल्युकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरलाही डेल्कोच म्हणतो, मला हे फार आवडतं.)

आता वेग बघा. चार सिलेंडरचं इंजिन ३००० आरपीएमला फिरतंय तर दर फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणजे मिनिटाला ६०००, सेकंदाला १००. तो इवलासा पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतो आणि मिटतो, आणि प्रत्येक वेळी चारएक अँपिअरचा करंट तोडतो. करंट तोडताना पॉइंटच्या फटीतच ठिणगी उडायला बघते, तसं झालं तर पॉइंट जळतात आणि नळही हळूहळू बंद झाल्यासारखा होतो, प्लगला काही मिळत नाही. हे होऊ नये म्हणून कंडेन्सर लावलेला असतो, तो त्या क्षणी उसळलेला करंट स्वतःमध्ये सामावून घेतो आणि पॉइंटला सुटं व्हायला वेळ देतो. म्हणून कंडेन्सर गेला की कॉइल चांगली, पॉइंट चांगले, बॅटरी चांगली, तरी गाडी बंद.

पॉइंट स्वतःसुद्धा झिजतात. शाफ्टला घासणारा जो फायबरचा तुकडा असतो तो झिजत जातो तशी फट कमी होते, आणि फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं, पिकअप जातो, चढाला गाडी दमते. ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ही फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची असते. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश ढिला झाला असेल तर अजून पंचाईत, शाफ्टच हलतो, मग एका सिलेंडरला फट वेगळी आणि दुसऱ्याला वेगळी, तुम्ही फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन कितीही बसा, ती जमणार नाही.

पण पॉइंटची एक गोष्ट मला आजही मोठी वाटते. ते सांगून जातात. आधी सकाळी स्टार्टिंगला त्रास, मग पिकअप कमी, मग मिसिंग, असं आठवडे दोन आठवडे कुरकुरतात, आणि अगदी रस्त्यात अडले तरी पॉलिश पेपरचा तुकडा आणि स्क्रू ड्रायव्हर एवढ्यावर पुढचं गाव गाठता येतं. माझ्या वडिलांनी फिलर गेज नव्हतं तेव्हा पोस्टकार्डाची घडी घालून फट लावलीय आणि वणीच्या गडावरून घरी आणलंय गाडीला.

आता इलेक्ट्रॉनिक किट. यात पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही काढतात, त्याच प्लेटवर एक छोटं मोड्युल बसतं आणि शाफ्टवर रोटरच्या (टोपीखाली फिरून एकेका प्लगला करंट देणारा तुकडा) खाली एक प्लॅस्टिकची रिंग चढते, तिच्यात चार चुंबकं. चुंबक मोड्युलसमोरून गेलं की आतल्या सेन्सरला ते कळतं आणि ट्रान्झिस्टर करंट तोडतो. करंट वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आलं की तिच्यात आडवं व्होल्टेज तयार होतं हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्येच शोधून ठेवलं होतं, म्हणून याला हॉल इफेक्ट म्हणतात. दुसऱ्या प्रकारात चुंबकाऐवजी न दिसणारा प्रकाश आणि मध्ये खाचांची चकती असते, ल्युमेनिशनचं जुनं किट त्या पद्धतीचं, तेही चांगलं पण आत तेल-धूळ जाऊ द्यायची नाही. आणि तिसरा मार्ग म्हणजे अख्खा डिस्ट्रिब्युटरच नवा इलेक्ट्रॉनिक घ्यायचा, तो महाग पडतो. अमेरिकेत क्रायसलरने १९७३ च्या मॉडेलांपासून सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं, म्हणजे हे तंत्र काही नवंनवलाईचं नाही, आपल्या गाडीच्याच वयाचं आहे.

फायदा काय, तर घासणारं काही उरलं नाही, त्यामुळे झीज नाही, टायमिंग एकदा लावलं की तिथेच राहतं, बुश थोडा ढिला असला तरी हॉल सेन्सरला त्याचा पॉइंटइतका त्रास होत नाही, आणि मुख्य म्हणजे कंडेन्सरची कटकट संपली, कारण हल्ली बाजारात जे कंडेन्सर मिळतात त्यांचा भरवसा राहिलेला नाही, नवीन लावलेला पंधरा दिवसांत गेलेला मी स्वतः पाहिलाय. पण गाडीची ताकद वाढते वगैरे जे सांगतात ते मनावर घेऊ नका. पॉइंट नीट लावलेल्या गाडीत आणि किटच्या गाडीत रोजच्या चालवण्यात फरक जाणवत नाही, फरक जाणवला तर तुमचे पॉइंट आधी बिघडलेले होते एवढंच. आणि डिस्ट्रिब्युटरच्या पोटात टायमिंग पुढेमागे करणारी वजनं आणि स्प्रिंगा असतात त्या अडकल्या असतील, किंवा तेच काम इंजिनाच्या ओढीवर करणारा व्हॅक्यूमचा पडदा फाटला असेल, तर किट बसवून ते बरं होत नाही, ते आधी करून घ्यावं लागतं.

आता भरवशाचं. मी घाटातल्या त्या प्रकारानंतर एका दुकानातून स्वस्तातलं किट आणलं, बसवलं, गाडी मस्त चालली, आणि चार महिन्यांनी मायको सर्कलच्या सिग्नलला ऐन संध्याकाळी बंद. ना मिसिंग, ना काही इशारा, दिवा विझावा तशी. मागे हॉर्नचा गोंगाट, दोन कॉलेजची पोरं उतरून धक्का मारायला आली, गाडी बाजूला घेतली आणि टो करून घरी. मी किटला खूप नावं ठेवली. मग आमच्या मिस्त्रीकाकांनी मीटर काढला आणि कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, तर दीड ओहम.

इथे थोडं गणित करू. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलचा रेझिस्टन्स तीनएक ओहम असतो, म्हणजे १२ भागिले ३, चार अँपिअर. दीड ओहमची कॉइल ही बॅलास्ट रेझिस्टरबरोबर वापरायची असते, तो रेझिस्टर बाहेरून लावलेला असतो आणि करंट आवरतो. आमच्या गाडीत कुणीतरी कधीतरी दीड ओहमची कॉइल टाकली होती आणि रेझिस्टर लावलाच नव्हता, त्यामुळे चालू गाडीत १४ व्होल्ट भागिले दीड, नऊ अँपिअरच्या वर करंट जात होता. मोड्युल बिचारं चारपाच अँपिअरच्या हिशोबाने बनवलेलं, चार महिने टिकलं हेच खूप. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला की आधी पॉइंट दर दोनतीन हजार किलोमीटरला का जळत होते, मी पॉइंटला दोष देत होतो, मग किटला दिला, आणि सगळा वेळ मूळ दुखणं होतं कॉइलचं.

त्यामुळे माझं मत आता पक्कं झालंय की किट आपणहून फार क्वचित मरतं, बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूचं काहीतरी त्याला मारतं. ते आजूबाजूचं म्हणजे काय ते सांगतो, कारण किट घेण्याआधी हेच तपासायचं असतं आणि नेमकं हेच कुणी तपासत नाही.

पहिली गोष्ट कॉइल, ती झाली सांगून. मीटर दोनशे तीनशे रुपयात मिळतो, दोन्ही वायरी काढून प्लस-मायनस टोकांवर लावून बघा, आणि किटच्या कागदावर किमान किती ओहम लिहिलंय ते वाचा.

मग वायरिंग. पन्नास वर्षांची वायर, पन्नास वर्षांची चावी, मध्ये चार ठिकाणी जोड. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट असतात आणि कॉइलच्या प्लसवर पोचेपर्यंत साडेदहा उरतात. पॉइंटला त्याचं फार वाटत नाही, ठिणगी जरा अशक्त पडते एवढंच, पण मोड्युलला चालायला ठरावीक व्होल्टेज लागतं आणि स्टार्टर मारताना तर बॅटरी अजून खाली जाते. म्हणून काही गाड्यांत अशी गंमत होते की स्टार्टर फिरत असतो तोवर इंजिन घेत नाही आणि चावी सोडली की त्या क्षणी एक उचकी देतं. चावी ऑन करून, करंट वाहत असताना, बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसपर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडत असतील तर रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) टाका, बॅटरीपासून थेट जाड वायर, चावीने फक्त रिले चालू करायचा. हे काम स्वस्त आहे आणि मला विचाराल तर किटपेक्षाही आधी करण्यासारखं आहे, पॉइंटवर राहणार असाल तरीसुद्धा.

अर्थिंग. ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये आतली प्लेट व्हॅक्यूमबरोबर पुढेमागे सरकते आणि तिला बॉडीशी जोडणारी एक छोटी विणलेली वायर असते. सरकून सरकून ती वायर आतून तुटते, वरून कापडाचं आवरण शाबूत दिसतं, आणि मग गाडी सरळ रस्त्याला छान, पण अॅक्सिलरेटर सोडला-दाबला की झटके. किटचा दोष म्हणून दोन मोड्युल बदललेले लोक मला माहीत आहेत, आणि तुटलेली होती ही बोटभर वायर.

उष्णतेचं काय, तर ते खरं आहे, मोड्युलला उष्णता सोसत नाही. मार्च ते मे मध्ये इकडे ऊन असतं ते असतंच, वर कसाऱ्यासारखा चढ पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, समोर ट्रक, वारा नाही. मरायला टेकलेलं मोड्युल तापलं की बंद, गार झालं की चालू. पण खराब कंडेन्सर हेच करतो, खराब कॉइल हेच करते, आणि गाडीच्या पेट्रोलच्या पंपात वाफ अडकली तरी हेच होतं, म्हणून ते फडकं टाकायची पद्धत पडली. ओळखायचं कसं, तर गाडी बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत, करंट बघायचा. कॉइलची मधली वायर डेल्कोच्या टोपीतून काढून तिच्या टोकाला एक जादा प्लग लावायचा, प्लगची बॉडी इंजिनाला टेकवून ठेवायची, हात लांब, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगायचं. निळीपांढरी ठिणगी आली तर पेट्रोलकडे बघा, नाही आली तर फडकं टाकून उपयोग नाही. मी त्या दिवशी एवढं केलं असतं तर आईला घाटात तीन तास उन्हात बसावं लागलं नसतं.

प्लग न लावता वायर तशीच मोकळी हवेत सोडून मात्र स्टार्टर मारू नका. आपल्याकडे मिस्त्री लोकांना कोणता सिलेंडर मिसिंग करतोय ते बघायला चालू गाडीत एकेक प्लगची वायर उपटायची सवय असते, पॉइंटच्या गाडीत ते खपून जायचं, पण इलेक्ट्रॉनिकमध्ये ठिणगीला वाट मिळाली नाही की व्होल्टेज चढत जातं आणि ते रोटर, टोपी, कॉइल नाहीतर मोड्युल फोडून बाहेर पडतं. दुसरी सवय याहून वाईट, चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून डायनामो किंवा अल्टरनेटर चार्जिंग करतोय का ते बघायचं. सातपूरला एका ओळखीच्यांची पद्मिनी होती, किट घालून दोन वर्षं सुरळीत, एका गॅरेजमध्ये बॅटरीची वायर अशी काढली आणि किट त्याच क्षणी गेलं. बॅटरी मध्ये असते तोवर ती व्होल्टेजचे झटके झेलते, ती काढली की सगळे झटके मोड्युलवर. डेंटिंगला गाडी देताना वेल्डिंग असेल तर बॅटरी आणि मोड्युल दोन्ही सोडवून द्या. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसू नका, कॉइलमधून करंट वाहत राहतो, कॉइल तापते, साधी मोड्युलं त्यात जळतात.

जुन्या ब्रिटिश घराण्यातल्या गाड्यांमध्ये अजून एक बघायचं, काहींमध्ये बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. अशा गाडीला नेहमीचं किट जोडलं की चावी फिरवल्याबरोबर संपलं, त्यासाठी वेगळं किट येतं. प्लगच्या वायरी तांब्याच्या असतील तर त्या बदलून कार्बनच्या घ्या, तांब्याच्या वायरींचा रेडिओसारखा गोंधळ मोड्युलच्या डोक्यात जातो आणि ते भलत्या वेळी ठिणगी सोडतं.

मग कुणी बसवावं? तुम्ही महिन्यातून एकदा गंगापूर रोडला सकाळी फेरी मारत असाल, स्वतःला पॉइंट लावता येत असतील, तर चांगल्या जुन्या स्टॉकचे पॉइंट आणि कंडेन्सर शोधून ठेवा आणि मजेत राहा, काहीही बदलायची गरज नाही. महिनाभर उभी असलेली गाडी आणि उतरलेली बॅटरी असेल तेव्हा धक्क्यावर पॉइंटची गाडी चालू होण्याची शक्यताही जास्त. पण मुंबई, शिर्डी, सप्तशृंगी असा लांबचा वापर असेल, घरात दुसरं कुणी गाडी चालवत असेल, तर मी किट घ्या म्हणेन, पण वरचं सगळं तपासून, आणि ओळखीच्या ब्रँडचं, खात्रीच्या ठिकाणाहून. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांची २०२१ च्या केंद्रीय नियमाने व्हिंटेज म्हणून व्हीए अक्षरांच्या नंबराने वेगळी नोंदणी होते आणि त्यात गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे, त्यामुळे काढलेला एकही मूळ पार्ट भंगारात देऊ नका. टोपीखालचं किट काढून परत मूळ पॉइंट बसवता येतात, दोन स्क्रूचं काम, डिस्ट्रिब्युटरला भोकं पाडून बसवायचं काही असेल तर तिथे थांबा.

आमच्या गाडीत गेली तीन वर्षं दुसरं किट आहे, तीन ओहमची कॉइल, रिले, नवी अर्थिंग, आणि दोन मे महिने कसारा चढून आलोय. तरी डिकीत एक स्टीलचा डबा असतो. त्यात जुनी प्लेट आहे, पॉइंट फट लावून घट्ट केलेले, कंडेन्सर त्याच्यावरच, एक रोटर, फिलर गेज, पॉलिश पेपर, जादा प्लग. बाबांनी एका रविवारी घड्याळ लावून अंगणात बदलून बघितलं, किट काढून पॉइंटवर गाडी चालू करायला अठरा मिनिटं लागली, त्यातली पाच मिनिटं एक स्क्रू आत पडला म्हणून गेली, तेव्हापासून डब्यात चुंबकाची एक काडीपण ठेवलीय. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी मार्करने लिहून ठेवलंय की किटची लाल वायर कॉइलच्या प्लसवरून काढून टेप मारायचा, पॉइंटची वायर मायनसला, आणि रोटर बसवायच्या आधी ती छोटी अर्थिंगची वायर ओढून बघायची.